एक बोट मोकळं

लेखाचा विषय काय, असं सरांनी विचारलं तेव्हा मी "रेडिएटरमधलं पाणी" असं सांगितलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विज्ञान मंडळाचं भित्तिपत्रक वेगळं असतं," ते म्हणाले. म्हणून आधीच कबूल करते की विज्ञानाशी माझं कधी जमलं नाही. दहावीनंतर कला शाखेत आले ती सुटकेचा श्वास सोडूनच. पण आमच्या घरात एक जुनी गाडी आहे, गाडीला रेडिएटर आहे, आणि त्यात पाणी किती असावं या एवढ्याशा प्रश्नाभोवती २०२५ सालचे काही महिने आमचं सगळं घर फिरत होतं. तेव्हा लिहायचं तर याच्यावरच, असं मी ठरवलं.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती १९९३ मध्ये जुनीच घेतली. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं, चितोडच्या राणीचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं नाव घेतलं की जी गाडी डोळ्यांपुढे येते, तीच ही. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ती बातमी अण्णांनी पेपरातून कापून ठेवली आहे. आजी म्हणाली, "अहो, सुतकसुद्धा पाळा आता."

आमची पद्मिनी मात्र कराडात, मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली शहाबादी फरशीवर उभी असते. रंग मूळचा दुधी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. १०८९ सी.सी.चं इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू होताना म्हाताऱ्या माणसासारखं खाकरतं आणि मग लागतं चालायला.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या कृष्णा कालव्यावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. कालव्यातल्या रंगवलेल्या पट्टीवर पाणी किती फूट किती इंच हे पाहायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. २००२ मध्ये ते निवृत्त झाले, पण पातळी पाहण्याची सवय काही निवृत्त झाली नाही. रोज सकाळी, चहाच्या आधी, ते बॉनेट उघडत, रेडिएटरचं झाकण काढत आणि आत बांबूची एक कामटी सोडत. वीतभर लांबीची कामटी, तिला दोन खाचा. (हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा अण्णांनी इथे थांबवलं. "वीत कुणाची? साडेसहा इंच लिही." तर साडेसहा इंच.) कामटी आतल्या जाळीच्या नळ्यांवर टेकली की पाणी खालच्या खाचेच्या वर आणि वरच्या खाचेच्या खाली असायला हवं. मग वहीत नोंद: तारीख, किलोमीटर, पाणी. पाण्याच्या रकान्यात बहुतेक वेळा शून्यच असे. कधीमधी 'अर्धं फुलपात्र'.

लहानपणी मला वाटायचं, रेडिएटर म्हणजे पिंप. जितकं भरेल तितकं चांगलं. एकदा, आठवी-नववीत असेन, अण्णा बाहेर गेलेले पाहून मी मोठ्या मायेनं तो काठोकाठ भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडी मंडईतून आली आणि तिच्या पोटाखालच्या बारीक नळीतून ओघळ लागला. मी घाबरले. अण्णा हसले. म्हणाले, "तिला नको होतं तेवढं तिनं टाकलं. जेवायला वाढताना पान ओसंडेपर्यंत वाढतेस का?"

मग त्यांनी मला समजावलं, आणि विज्ञानाच्या तासाला कधी डोक्यात न शिरलेली गोष्ट तिथं फरशीवर बसून शिरली. पाणी तापलं की फुगतं. घरातल्या पाण्याचं तापमान २० अंश धरलं आणि इंजिनातल्या पाण्याचं ९०, तर शंभर भागांचे सुमारे साडेतीन भाग वाढतात. गाडीत पाच लिटर पाणी आहे असं धरा. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे मिलिलिटर वाढलं. म्हणजे बरोब्बर आमच्या घरातलं एक फुलपात्र! या वाढलेल्या पाण्यानं जायचं कुठं? हल्लीच्या गाड्यांना पांढरी प्लॅस्टिकची बाटली असते, तिच्यावर किमान-कमाल अशा रेघा असतात; जास्तीचं पाणी बाटलीत जातं आणि गाडी निवाली की रेडिएटर ते परत ओढून घेतो. आमच्या गाडीला बाटली नाही. तिथं फुगणाऱ्या पाण्यासाठी जागा आधीच सोडावी लागते. नळ्या बुडाल्या पाहिजेत आणि वर तोंडापर्यंत एक बोट मोकळं राहिलं पाहिजे. नाही सोडलंत तर गाडी स्वतःच ती जागा करून घेते आणि जास्तीचं रस्त्यावर टाकते.

झाकणाचीही एक गंमत आहे. मला ते डब्याचं झाकण वाटायचं, पण त्याच्या पोटात स्प्रिंग असते. ती पाण्याला दाबून धरते, कुकरसारखी. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरला गेलात तर साधारण ९५ अंशांनाच. पण चौरस इंचाला सात पौंड दाब दिला तर तेच पाणी १११ अंशांपर्यंत दम धरतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. आत १०५ अंशांवर गप्प बसलेल्या पाण्यावरचा दाब गेला की त्या क्षणी त्याची वाफ होते, आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. अण्णांच्या उजव्या मनगटावर एक गुळगुळीत गुलाबी डाग आहे. तो १९९४ सालचा. गाडीनं दिलेला पहिला धडा, असं ते म्हणतात.

आणि पाणी म्हणजे नुसतं पाणीही नव्हे. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना आठवत असेल, बोअरच्या पाण्यानं त्याच्या आत कसे पांढरे थर चढत. तेच थर रेडिएटरच्या सुईसारख्या नळ्यांत चढले की संपलं. म्हणून अण्णा बॅटरीच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणत आणि त्यात निम्मं हिरवं कूलंट घालत. कूलंटनं गंज धरत नाही आणि पाणी आणखी उशिरा उकळतं. मात्र ते चवीला गोड आणि जातीचं विष. फरशीवर सांडलं की अण्णा आधी बादलीभर पाणी ओतत, कारण आमच्या अंगणात मांजरांची ये-जा फार.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण तोंडपाठ असणं वेगळं, हे मे २०२४ मध्ये कुंभार्ली घाटात कळलं.

चिपळूणला आजीचं माहेर. तिथून आंब्याच्या पेट्या घेऊन आम्ही कराडला परतत होतो. लायसन्स मिळून मला तीनच महिने झाले होते, आणि हट्टानं मी गाडी चालवत होते. शेजारी अण्णा, मागे आजी आणि आंबे. पोफळी सोडली आणि चढ लागला. दुपारचे दोन, पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा चढू लागला. मी पाहिलं, पण बोलले नाही. बोलले तर अण्णा स्टिअरिंग मागतील ना! काटा लालजवळ गेला. माझ्या हातांना घाम. आणि एका वळणावर तो एकदम खाली आला. इतका खाली की मला देवच पावला असं वाटलं. "अण्णा, उतरला बघा काटा," मी आनंदानं म्हटलं.

अण्णांनी काट्याकडे पाहिलं आणि इतक्या शांतपणे बोलले की तो आवाज अजून कानांत आहे. "गाडी बाजूला घे. आत्ता."

काटा पाण्याचं तापमान सांगतो. पण पाणीच तिथवर पोचत नसेल तर तो सांगणार कशाचं? पाणी उतरून काट्याची कळ उघडी पडली होती आणि ती नुसत्या वाफेत लोंबत होती. सगळं ठीक आहे असं काटा सांगत होता, ते पाणी संपलं होतं म्हणून. आणखी दोन वळणं मी तशीच रेटली असती, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं आणि इंजिन बाद झालं असतं.

बॉनेट उघडलं. खालच्या होज पाइपाची क्लिप ढिली होऊन पाणी गेलं होतं. मी बाटली घेऊन पुढे झाले तर अण्णांनी हात धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जातो. बसायचं. पाऊण तास आम्ही दगडावर बसलो. आजीनं तीन आंबे चिरले. अण्णांनी पेचकसानं क्लिप आवळली, मग ओलं तरट झाकणावर टाकलं, पाव वळसा दिला, वाफेचा फुसकारा पूर्ण जाऊ दिला आणि मगच झाकण काढलं. इंजिन चालू ठेवून धारेनं, हळूहळू, पाणी घातलं. शेवटी खिशातून कामटी काढून आत घातली, आणि वहीही काढली! घाटात, ट्रकांच्या धुरात उभं राहून त्यांनी लिहिलं: 'पाणी, साडेतीन लिटर. कारण: क्लिप.' माझं नाव कारणांत नव्हतं. मी काटा पाहूनही गप्प बसले होते, हे त्यांना ठाऊक होतं.

आता २०२५.

पावसाळ्यानंतर गाडीखाली रोज पाणी दिसू लागलं. आधी हिरवट, मग फिकं, मग नुसतंच पाणी. बाबांनी मिस्त्री आणला. त्यानं वाकून पाहिलं, जाळी गेली म्हणाला, कदाचित हेड गॅस्केटही, आणि एक आकडा सांगितला. तो आकडा ऐकून बाबांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. बाबांचा आणि त्या गाडीचा कधी स्नेह नव्हता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं; ते २०२६ मध्ये यायचं होतं. "कशाला आता?" बाबा म्हणाले. भंगारवाला दिवाळीनंतरच्या रविवारी बघायला येणार असं ठरलं. अण्णा काही बोलले नाहीत. रोज सकाळी कामटी घेऊन जात राहिले.

मला चैन पडेना. गळणाऱ्या रेडिएटरला ओल दिसते, हिरवे-पांढरे डाग दिसतात. मी बॅटरी घेऊन गाडीखाली झोपले, होज चाचपले, जाळीवर बोट फिरवलं. सगळं कोरडं ठणठणीत. पाणी येत होतं ते फक्त त्या बारीक नळीतून. मग एके दिवशी अण्णांच्या आधी उठून मी पातळी पाहिली. दोन खाचांच्या मध्ये, अगदी हवी तिथं. अण्णा आले, त्यांनी फुलपात्रभर पाणी घातलं, वहीत लिहिलं, आत चहाला गेले. दहा मिनिटांनी पुन्हा आले. कामटी शोधली, सापडली नाही (ती त्यांच्या खिशातच होती), तशीच पुन्हा एक फुलपात्र घातलं. मी खिडकीतून बघत होते. तिसऱ्या खेपेला पाणी तोंडापर्यंत आलं, तेव्हा त्यांनी झाकण लावलं.

मी वही उघडली. एकाच तारखेखाली तीन ओळी. १ फुलपात्र. १ फुलपात्र. १ फुलपात्र. त्याच्या आदल्या दिवशी दोन. त्याच्या आदल्या दिवशी तीन. मागं मागं गेले तर ऑगस्टमध्ये एखादी दुहेरी नोंद, जुलैत एकही नाही. अक्षर कालव्याच्या रजिस्टरसारखं, सरळ, ठाशीव. गाडी गळत नव्हती. तिला नको होतं तेवढं ती टाकत होती, आणि दर वेळी थोडं कूलंट त्याच्याबरोबर जात होतं; म्हणून ते पाणी फिकं होत गेलं.

आता मी काय करायचं होतं, ते तुम्हीच सांगा. गाडी ठीक आहे हे सांगितलं, तर का ठीक आहे हेही सांगावं लागणार. नाही सांगितलं, तर रविवारी गाडी जाणार. आणि अण्णा अजून मंडईपर्यंत स्वतः गाडी चालवत होते. मी चार दिवस काही बोलले नाही. कॉलेजचा पहिला तास बुडवून रोज त्यांच्या शेजारी बसून मंडईला गेले, एवढंच केलं. एके दिवशी परत येताना आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. कुठं वळायचं, हे ते विचारत नव्हते. पण मी म्हटलं, "डावीकडे, अण्णा." ते वळले.

त्या रात्री आजीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "ठाऊक आहे मला. गणपतीपासून सकाळचा चहा मी दोनदा करतेय. दुसऱ्यांदा अर्धा कप करते." आणि मग, "गाडीत तू बसतेस म्हणून गप्प होते."

शनिवारी दुपारी मी वही घेऊन अण्णांपुढे बसले. काही न बोलता ते पान उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं, पान उलटलं, पुन्हा खाली गेलं. कालव्यावर पट्टी वाचताना ते असेच पाहत असतील. खूप वेळानं म्हणाले, "अक्षर माझंच आहे."

मी मान हलवली.

"मला एकदाच घातल्यासारखं वाटतं गं."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा अण्णांनी स्वतःच सांगितलं. "गाडी गळत नाही. मी जास्त भरत होतो. विसरून." आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. बाबांना काय बोलावं सुचेना. ते उगीचच हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. आल्यावर त्यांनी भंगारवाल्याला फोन केला, येऊ नका म्हणून.

रविवारी त्याच वेळी बाबा आणि मी रेडिएटर रिकामा केला. बाबांनी त्या गाडीला पहिल्यांदा हात लावला असावा. खालची तोटी उघडली तर चहासारखं तांबडं पाणी आलं. कूलंट निघून गेल्यावर गंजाला वेळ लागत नाही. स्वच्छ येईपर्यंत तीनदा धुतलं. मग निम्मं बॅटरीचं पाणी, निम्मं कूलंट, बारीक धारेनं. होज दाबून दाबून आतली हवा काढली. झाकण न लावता इंजिन चालू ठेवलं. तापल्यावर आतला थर्मोस्टॅट उघडला, पाण्याला इंजिनातून फिरायला वाट मिळाली, अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर आली आणि पातळी अचानक खाली गेली. बाबा दचकले, "गेलं की!" खुर्चीवर बसलेले अण्णा म्हणाले, "गेलं नाही. आत्ता सगळीकडे पोचलं. घाला आता हळूहळू." गाडी गार झाल्यावर मी कामटी घातली. दोन खाचांच्या मध्ये, वर एक बोट मोकळं. तेव्हापासून गाडीखालची फरशी कोरडी आहे.

अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत. त्याबद्दल इथं अधिक लिहीत नाही.

कामटी आता माझ्याकडे असते. सकाळी मी बॉनेट उघडलं की अण्णा ओसरीवर येऊन उभे राहतात.

"किती आहे?"

"मध्ये आहे, अण्णा. शून्य लिहिते."

ते आत जातात. मी वही मिटते, झाकण लावते, हात पुसते. तोवर ते पुन्हा बाहेर आलेले असतात.

"किती आहे गं पाणी?"

मी झाकण पुन्हा काढते. गाडी गारच असते. कामटी आत सोडते, बाहेर काढते, उजेडात धरून बघते.

"मध्ये आहे, अण्णा."